रोलरवरचे केस

जेवायला बसला असाल तर हे बाजूला ठेवा. आधी जेवा, हात धुवा, मग या. कारण माझ्या मावशीची गोष्ट सांगायची तर बाथरूमच्या जाळीपासूनच सुरुवात करावी लागते, आणि त्या जाळीत जे साचायचं ते मी रोज सकाळी शाळेत जायच्या आधी दोन बोटांनी उचललेलं आहे.

ओल्या उंदराएवढा गोळा. वर साबणाचा पांढरा साका. ओढला की संपायचाच नाही, आतून वर येतच राहायचा, लांब, काळा, बुळबुळीत, आणि शेवटी सुळ्ळकन सुटून माझ्या मनगटाला चिकटायचा.

“ईऽऽ! आई गं!”

“ओरडतेस काय?” आई स्वयंपाकघरातून. “मावशीचेच केस आहेत. परक्याचे नाहीत.”

जशी काही नात्यातल्या केसांची किळस येत नाही.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरी राहते, माझ्याच खोलीत तिची कॉट. वय बेचाळीस. सोळा वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात आहे आणि त्यातली चौदा एकाच जागी उभी: भट्टीतून बिस्किटं बाहेर येतात तो पट्टा जिथे संपतो, बरोबर तिथे. तिच्यापुढे फक्त पाकीट. म्हणजे बिस्किट करपलं, तुटलं, फुगलं, वाकडं झालं, तर ते पकडणारं शेवटचं माणूस मावशी. पट्टा पळत असतो आणि ती नुसतं बघते. मधेच हात जातो, एक उचलते, टाकते. हात कधी गेला ते शेजारचीला कळतसुद्धा नाही. आमच्याकडे पाहुणे आले आणि बशीत बिस्किटं ठेवली की ती बोलता बोलता एक मागे सारते. पाहुण्यांना वाटतं, स्वतःसाठी ठेवलं. तसं नाही. ते करपलेलं असतं.

या जागेचा तिला माज आहे. “माझ्या हातून गेलेलं बिस्किट परत येत नाही,” असं ती म्हणते, आणि ते खरंच येत नाही.

परत आला तो केस. तीन वर्षांपूर्वी कुठल्या तरी गिऱ्हाइकाला पाकिटात केस सापडला, त्याने तो कागदाला चिकटवून कारखान्यात पाठवला, आणि तेव्हापासून दारात रोलरबाई उभी राहिली.

रोलरबाई म्हणजे पॅकिंगची सुपरवायझर. तिच्या हातात चिकट कागदाचा रोलर असतो, कपड्यांवरचे केस काढायचा असतो ना, तसला. आत जाताना प्रत्येकीच्या खांद्यावरून, पाठीवरून, छातीवरून तो फिरवायचा, म्हणजे कोटावर चिकटलेले केस निघून येतात. इथवर ठीक आहे. पण रोलरबाईने पुढचं डोकं स्वतः चालवलं. ती तो कागद फाडायची, दिव्यासमोर धरायची, केस मोजायची, मार्करने आकडा लिहायची आणि कागद बोर्डावर लावायची. प्रत्येकीच्या नंबराखाली तिचा आजचा कागद. केसांसकट. दिवसभर. डबा खायच्या खोलीच्या अगदी बाहेर.

डोळ्यांपुढे आणून बघा. चाळीस बायकांचे केस, कोंडा, लोकरीचे धागे, एखादा किडा, सगळं चिकटून भिंतीवर, आणि शेजारी हातात डबा घेऊन रांगेत उभ्या बायका.

“मी स्पष्ट बोलते हं, राग मानू नका,” रोलरबाई नाकातून बोलते, सर्दी झालेल्या बदकासारखं. “दहाच्या आत असेल तर मी कुणाला काही बोलते का? नाही बोलत. दहाच्या वर गेलं की मग मला बोलावंच लागतं. मला काय हौस आहे?”

हौसच होती.

मग बायकांनी त्यावर युक्ती काढली. कामावर यायच्या आधी घरीच केस ‘झाडून’ यायचं. डोकं खाली घालायचं, बारीक दातांचा कंगवा घ्यायचा आणि चाळीस वेळा खसाखसा ओढायचा, म्हणजे जे पडणार असतील ते घरीच पडतील. मग ओला हात फिरवून केस चापून बसवायचे, मागे ओढून गाठ मारायची, तिच्यावर रबर, रबरावर जाळी, त्या जाळीवर घट्ट इलॅस्टिकची दुसरी जाळी, आणि सगळ्यांवर टोपी. दुसरी जाळी ही रोलरबाईची आयडिया. जितकं घट्ट, तितका आकडा कमी. मावशी हे सगळं इतक्या जोरात करायची की तिच्या भुवया वर सरकायच्या. रोज सकाळी साडेसहाला ती कामावर जायची तेव्हा कुणीतरी नुकताच तिला धक्कादायक निरोप दिलाय असं वाटायचं.

तीन वर्षं तिचा आकडा चारच्या वर गेला नाही.

मग तिला ताप आला. पंधरा दिवस उतरेना, अंग भट्टीसारखं. उतरला तेव्हा ती दारामागे टांगलेल्या कोटासारखी दिसत होती. त्यानंतर दोन महिने तिला अन्नाचा वासच सहन होईना, दोन घास खायची आणि ताट सारायची. हळूहळू बरी झाली, कामावर गेली, सगळं सुरळीत झालं. आणि सगळं सुरळीत झाल्यावर केस गळायला लागले. उशीवर, कॉलरवर, कॉटखाली, माझ्या वह्यांत. एकदा आमटीत सापडला. मी ताट सोडून उठले तर आई म्हणाली, “काढून टाक आणि खा.” मी काढला. तो निघतच राहिला, एवढा लांब होता. तो निघत असताना मला जे झालं ते मी लिहीत नाही.

बोर्डावर मावशीचा आकडा नऊ झाला. मग सतरा. मग एका सोमवारी एकतीस.

“मी स्पष्ट बोलते हं,” रोलरबाई कागद दिव्यासमोर धरून म्हणाली, “हा कागद आहे की पायपुसणं? महिनाअखेरीपर्यंत दहाच्या आत आणा. नाहीतर ट्रे-खोली.”

ट्रे-खोली म्हणजे भट्टीचे ट्रे धुवायची जागा. बिनखिडकीची, कायम वाफ भरलेली. ट्रेवर करपलेल्या तुपाचा थर असतो, तो कास्टिक सोड्याच्या पाण्याने सुटतो आणि त्याचा तपकिरी शेंबडासारखा लगदा हौदात तरंगत राहतो. मावशीला मागे एकदा कुणाच्या बदली पंधरा दिवस तिथे पाठवलं होतं तेव्हा तिच्या बोटांची सालं निघाली होती. पण सालांचं तिला फारसं नव्हतं. “तिथे बघायला काही नाही,” ती म्हणाली. “नुसती वाफ. मी तिथे काय करू?”  चौदा वर्षं ज्या जागेवर तिची नजर चालत होती ती जागा केसांपायी जाणार होती.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. एखाद्या बाईचे केस गळतायत हे कळलं की जगातली प्रत्येक दुसरी बाई डॉक्टर होते.

पहिल्या आल्या खालच्या काकू. त्यांना जिना चढायला पाच मिनिटं लागतात, आणि पोचल्या की पंधरा मिनिटं त्या जिन्याबद्दलच बोलतात. “अगं बाई बाई बाई! काय ही दशा! एवढ्या वयाची मी, हे बघ,” असं म्हणून त्यांनी स्वतःची वेणी ओढून दाखवली. “का टिकली? कांदा. कांद्याचा रस. कच्चा. रात्रभर.”

“रात्रभर?” मी विचारलं. मी त्याच खोलीत झोपते.

“सुगंध थोडा येतो,” काकू म्हणाल्या.

सुगंध! आठ दिवस आमची खोली म्हणजे कुणाची तरी न धुतलेली बगल होती. माझा स्वेटर वासाने इतका भरला की वर्गात माझ्या बाकावरची मुलगी न सांगता पुढच्या बाकावर जाऊन बसली. मावशीच्या डोक्याला पुरळ आली आणि आकडा पस्तीस झाला.

मग आई. आईचं एक आहे, ती कधीच काही म्हणत नाही. “मी काही म्हणत नाही,” असं म्हणते आणि मग अर्धा तास म्हणते. “मी काही म्हणत नाही, पण कांदा लावून कुणाचे केस आलेत? केसांना लागतं प्रोटीन. अंडी आण.” मावशीने दोन अंडी फोडून डोक्यावर ओतली, वर टॉवेल बांधला, तासभर बसली. इथपर्यंत मला ओकारी आवरता येत होती. पण मग ती धुवायला गेली आणि तिने गीझर चालू केला. कढत पाणी. अंडं. कढत पाण्यात अंड्याचं काय होतं ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, फक्त त्या दिवशी आमच्या घरात ते कुणाला आठवलं नाही. आतून मावशीचा आवाज आला, “ताई, हे शिजलं गं!”

तीन दिवस तिच्या केसांतून अंड्याचे पिवळे कण निघत होते. मी मोजले नाहीत. रोलरबाईने मोजले. “हे काय आहे? कोंडा?” “अंडं,” मावशी म्हणाली. त्या दिवशीचा कागद बोर्डावर दुपारपर्यंत होता आणि मग त्याला मुंग्या लागल्या.

आणि मग पार्लरवाली. तिच्याकडे मावशी लपून गेली, कारण आई पार्लरला पैसे खायची जागा म्हणते. पार्लरवालीने केसांची बट दोन बोटांनी उचलली, मी जाळीतला गोळा उचलायचे ना, अगदी तशी, आणि मान हलवत म्हणाली, “डेड आहेत हो. सगळे डेड. मॅडम, तुम्ही फार उशीर केलात.” असं म्हणताना तिचा चेहरा असा, जसं काही आत पेशंट गेला आणि ती बाहेर नातेवाइकांना सांगायला आली आहे. मग तिने दोन गोष्टी दिल्या. एक, केसांच्या गोळ्यांची बाटली, तिच्यावर एका बाईचा फोटो, त्या बाईचे केस गुडघ्यापर्यंत. दोन, बिनलेबलची हिरवी शिशी. “सिरम. आमचं स्वतःचं. काय आहे ते सांगता येत नाही.”

मला सांगता येत होतं. ते मी हुंगलं होतं. एरंडेल, कापूर आणि खाली कसला तरी मेलेला वास. मावशी ते बोटाने डोक्यावर चोळायची, वर केस चापून बसवायची, घट्ट गाठ, रबर, जाळी, जाळी, टोपी. दिवसभर भट्टीच्या गरमीत ते आत शिजायचं. संध्याकाळी टोपी काढली की खोलीत शिळ्या तळणाचा वास सुटायचा.

महिना संपायला बारा दिवस राहिले होते. आकडा होता अडतीस.

रविवारी सकाळी मावशीचा खांदा धरला होता. “जरा रबर काढून दे गं,” ती म्हणाली. “कालचंच राहिलंय.” मी तिच्या मागे उभी राहिले आणि रबर ओढलं. ते सुटेना. केसांत रुतून बसलं होतं, तेल आणि कोंडा मिळून त्याची खरपुडी झाली होती. मी जरा जोर लावला आणि रबर निघून आलं, त्याच्याबरोबर एक अख्खी बट. मावशी “स्स” एवढंच म्हणाली. मी तिचे केस पुढून बाजूला केले तर कानांच्या वर, दोन्ही बाजूंना, तीन-तीन बोटं रुंद कपाळच कपाळ. चकचकीत, ताणलेलं, फुगलेल्या फोडावरच्या कातडीसारखं, आणि कडेला बारीक लाल पुळ्या. टोपीमुळे कधी दिसलंच नव्हतं. ती घरीही दिवसभर ओढणी बांधून असायची, मला वाटायचं थंडी वाजते.

इतके दिवस मला केसांची शिसारी येत होती. त्या दिवशी माझ्या हातातल्या रबराची आली. मी ते खिडकीतून फेकलं.

“ताईला सांगू नकोस,” मावशी म्हणाली.

मी ताईला सांगितलं.

आई काही म्हणाली नाही. खरंच नाही. तिने पायांत चपला घातल्या, मंगळवारचा नंबर लावून आली आणि मंगळवारी मावशीला दंडाला धरून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मीही गेले, कारण मावशीला एकट्या आईबरोबर आत जायचं नव्हतं आणि आईला बाहेर बसवेना.

डॉक्टरीणबाई म्हणजे पन्नाशीची, जाड चष्म्याची, कंटाळलेली बाई. मावशी खुर्चीत बसली, तिने ओढणी सोडली. डॉक्टरीणबाईंनी केसांकडे नाही, कपाळाकडे बघितलं. तिथे इलॅस्टिकचा वळ होता, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत.

“बिस्किटं का?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“या महिन्यात तुम्ही चौथ्या. सगळ्यांना हाच वळ. आधीच्या तिघींनीही मला शपथ घातली, कारखान्यात कुणाला सांगू नका म्हणून. आता तुम्ही घाला.”

 मावशीही तेच म्हणणार होती.

मग डॉक्टरीणबाईंनी एक बट चिमटीत धरून हळूच ओढली. सात-आठ केस हातात आले. त्यातला एक त्यांनी दिव्याखाली धरला. “हे पांढरं टोक दिसतं? हा आपणहून सुटलेला केस. ताप कधी आला होता?”

“चार महिने होऊन गेले. पण तो केव्हाच गेला.”

“ताप गेला, केस आत्ता भरपाई करतायत. मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, उपाशी राहणं, असं काही झालं की पुष्कळसे केस एकदम वाढायचं थांबतात. पण पडतात ते दोन-तीन महिन्यांनी. म्हणून बायकांना कारण आठवत नाही, त्या शांपूला शिव्या देतात. पाळी कशी आहे? जास्त जाते?”

“जाते की,” आई म्हणाली. “मी काही म्हणत नाही, पण आठ-आठ दिवस.”

“पेशंट त्या आहेत ना?”

आई गप्प. हा दिवस मी वहीत लिहून ठेवला आहे.

मग डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लिहून दिलं, लोह आणि थायरॉइड. “काही गोळ्या चालू आहेत?” त्यांनी विचारलं. मावशीने पर्समधून पार्लरवालीची बाटली काढली. “या बंद करा. यातल्या एका घटकाने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. बंद करून चार दिवसांनी रक्त द्या.” मग तिने हिरवी शिशी काढली. डॉक्टरीणबाईंनी बूच उघडून वास घेतला, लगेच लावलं आणि शिशी कचऱ्याच्या डब्यात अशी सोडली की डब्याचं झाकण स्वतःहून बंद झालं.

“आता हे.” त्यांनी कानांवरच्या चकचकीत जागेवर बोट ठेवलं. “हे तापाने नाही. हे तुम्ही केलंय. तीन वर्षं रोज ओढून. तुम्हाला वाटतं घट्ट बांधलं की केस पडणार नाही. घट्ट बांधलं की मूळच दमतं. अजून बारीक लव दिसते आहे, म्हणजे वेळ गेलेली नाही. पण अजून वर्ष असं बांधलंत तर इथे काहीच उगवणार नाही, मी काय आणि कोण काय.”

“आणि सकाळी झाडते ते?”

“झाडता म्हणजे?”

मावशीने करून दाखवलं, डोकं खाली, हात खसाखसा. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. “बाई,” त्या म्हणाल्या, “तुम्ही चुलत भाऊ असल्यासारखं वैर काय काढताय त्या केसांवर?”

रिपोर्ट आला: थायरॉइड ठीक, लोह तळाला. औषध साधं होतं. लोहाच्या गोळ्या, पोटभर खाणं, पाळीसाठी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी, पुळ्यांसाठी मलम, आणि केस सैल. सैल वेणी, एक जाळी, एक टोपी. भांग रुंद झालेल्या बायकांना डोक्याला लावायचं एक औषध असतं, ते मावशीने विचारलं, पार्लरवाली म्हणाली होती की तेच शेवटचं. “तुमचा भांग बारीक आहे, गरज नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आणि ते लावलं की पहिले काही आठवडे केस आणखी गळतात. तुमची अवस्था बघता तुम्ही ते घाबरून सोडून द्याल.”

“मग कधी थांबेल?”

“गळणं दोन-तीन महिन्यांत. भरायला सहा-आठ.”

“पण मला महिनाअखेरीला दहा केस दाखवायचेत.”

“केसांना तुमची महिनाअखेर कळत नाही हो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते बोलताना मात्र त्या कंटाळलेल्या वाटल्या नाहीत.

आता पुढचं मी बघितलेलं नाही. ते आमच्याकडे येऊन भोंग्याने सांगितलं. भोंगा म्हणजे मावशीच्या शेजारी पट्ट्यावर उभी राहणारी बाई. यंत्रांच्या आवाजात बोलायची सवय, त्यामुळे ती घरातसुद्धा तशीच बोलते आणि खालच्या काकूंना वेगळं सांगावं लागत नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मावशीने केस झाडले नाहीत. सैल वेणी घातली, ती वर वळवून पिनांनी बसवली, एक जाळी, टोपी. भुवया जागच्या जागी. दारात रोलरबाईने रोलर फिरवला, कागद फाडला, दिव्यासमोर धरला. सव्वीस.

“मी स्पष्ट बोलते हं.”

“बोला,” मावशी म्हणाली.

“ट्रे-खोली.”

मावशी कोट बदलायला मागच्या खोलीत गेली. तिथे आठ-दहा जणी होत्या. तिने टोपी काढली, जाळी काढली, आणि काही न बोलता दिव्याखाली जाऊन दोन्ही कानांवरचे केस बाजूला केले. “बघून घ्या,” म्हणाली. “दुसऱ्या जाळीने झालंय. डॉक्टर म्हणाल्या, अजून वर्षभर असं केलं तर परत येणार नाहीत. मी चौथी आहे म्हणे. बाकीच्या तिघी कोण आहात ते मला सांगू नका.”

“आणि सांगते काय,” भोंगा आमच्या स्वयंपाकघरात ओरडून म्हणाली, “त्या तिघींतली एक मीच होते की! मला वाटलं हिला कळलं! माझ्या हातातली टोपी पडली!”

एकी वगैरे काही झाली नाही हं. भोंग्याने ते स्पष्ट सांगितलं. कुणी हात उंचावले नाहीत, कुणी घोषणा दिल्या नाहीत. सगळ्या घाबरल्या, एवढंच. घरी जाऊन प्रत्येकीने आरशासमोर आपले कान उघडले. आणि दुसऱ्या दिवशी पॅकिंगच्या निम्म्या बायका एक जाळी, सैल वेणी घालून आल्या.

रोलरबाईने पहिला कागद फाडला. बावीस. दुसरा, एकोणीस. तिसरा, तीस. “हे काय चाललंय? काय चाललंय हे?” बदक आता किंचाळत होतं आणि कुणालाच आत सोडत नव्हतं. एक रोलर, एक दिवा, एक मार्कर, दारात रांग, आणि आत भट्टी वेळेवर चालू झालेली. भट्टी कुणासाठी थांबत नाही. पट्ट्यावरून बिस्किटं आली, शेवटाला पोचली, आणि तिथे कुणीच नव्हतं. पहिली दहा-वीस जमिनीवर पडली. मग ढीग झाला. ढीग मोठा झाला. भोंगा म्हणाली, “बाई, जाऊ दे आत, नाहीतर तुम्ही या पकडायला,” तर रोलरबाई खरंच धावली, हातात रोलर तसाच, आणि त्या ढिगात पाय घातला. गरम, तेलकट, चुरा. घोट्यापर्यंत. बुटात गेला.

“तिला बोलवा,” ती म्हणाली. कुणाला ते तिने सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळलं.

मावशी ट्रे-खोलीतून आली. हात कोपरापर्यंत लाल, कोटाला तो तपकिरी लगदा. नवा कोट घालून दारात उभी राहिली, दोन्ही हात पसरून, रोजच्यासारखी. रोलरबाईने रोलर फिरवला. कागद फाडला आणि सवयीने दिव्याकडे नेला.

“मोजू नका,” मावशी म्हणाली.

“म्हणजे?”

“मोजून काय करणार? ते तुमच्या कागदावर आले. कागदावर आले म्हणजे बिस्किटात गेले नाहीत. जिचा कागद भरला ती साफ होऊन आत चालली आहे. जिचा कोरा आहे तिला परत फिरवा, कदाचित नीट फिरवला नसेल.” आणि मग, भोंगा म्हणते, तिने आवाज न चढवता विचारलं, “तीन वर्षं तुम्ही हे कशासाठी फिरवताय, केस काढायला की दाखवायला?”

मागे पट्ट्यावरून बिस्किटं पडतच होती, टप टप टप.

रोलरबाईने कागदाकडे बघितलं. कागदावर मावशीचे चोवीस-पंचवीस लांब केस, एक धागा, थोडा कोंडा. तिने तो चुरगाळला. तो तिच्या बोटांना चिकटला, सुटेना, तिने हात झटकला तेव्हा एक केस तिच्याच मनगटावर राहिला आणि तिचं तोंड असं झालं, भोंग्याने ते करून दाखवलं आणि मी नंतर आठवडाभर घरात करत होते. मग तिने रोलरवरचा नवा कागद मोकळा केला आणि पुन्हा मावशीच्या पाठीवरून फिरवला. त्यावर तीन केस आले. तिसऱ्यांदा फिरवला. काही नाही.

“जा,” ती म्हणाली.

“आणि उद्या?”

“उद्याही असंच. साफ होईपर्यंत फिरवीन. जा आता, बाई, ढीग बघ!”

बोर्ड त्या दिवशी तसाच राहिला. आदल्या दिवशीच्या कागदांसकट. भोंगा म्हणते, दोन दिवसांनी कुणीतरी काढला, कुणी ते विचारलं नाही.

मावशी पट्ट्याच्या शेवटाला जाऊन उभी राहिली. पायाखाली चुरा करकरत होता, हातांना अजून तुपाचा आंबट वास येत होता, टोपीखालून एक केस निघून गालावर चिकटला होता आणि तो बाजूला करायला तिचा हात मोकळा नव्हता. बिस्किटं आली. तिने एक उचललं, उलटं करून बघितलं, करपलेलं होतं, टाकलं.